योजनेतली गाय का टिकत नाही? वासराच्या पहिल्या वर्षाकडे पाहा

विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याला राज्य सरकारने २०२४ साली मंजुरी दिली. विदर्भाचे ११ आणि मराठवाड्याचे ८ असे १९ जिल्हे त्यात आहेत, म्हणजे आपला वाशीम जिल्हाही आलाच. चारा, पशुखाद्य, वांझ जनावरांवर उपचार असे बरेच काही या प्रकल्पात आहे. परंतु गावात चर्चा होते ती एकाच गोष्टीची. गाय कधी मिळणार, अनुदान किती आणि यादीत नाव कोणाचे लागले. पंचायत समितीच्या आवारात हाच विषय, चहाच्या टपरीवर हाच विषय. गाय कोठून येणार, ती कोणत्या हवेत अन् कोणत्या चाऱ्यावर वाढली, जन्मली त्या दिवशी तिला पोटभर चीक तरी मिळाला होता काय, हे विचारणारा माणूस क्वचितच भेटतो. विस्ताराच्या कामात रोज गावोगाव फिरणाऱ्या माणसाला हे खटकल्याशिवाय राहत नाही.

खटकण्याचे कारण जुने आहे. २००६ च्या जुलै महिन्यात तत्कालीन पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले होते. अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा, यवतमाळ आणि वर्धा हे ते सहा जिल्हे. कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याला जोडधंदा मिळावा म्हणून त्यात दुभत्या जनावरांचे वाटप होते. हेतू चांगला होता, त्याबद्दल वाद नाही. संकरित गाई आल्या, फोटो निघाले, हार घातले गेले. पुढे काय झाले ते जुन्या लोकांना आठवत असेल. दूध घटले, गाई उलटल्या, गाभण राहिनात, काही दगावल्या, आणि बऱ्याच जणांनी मिळेल त्या भावात गाय बाजारात उभी केली. वर्धा जिल्ह्यातील एका शेतकरी बाईला मिळालेल्या अशा गाईची हकिगत पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी लिहिली होती. घरातली सारी माणसे मिळून जेवढे खात नाहीत तेवढे ही एकटी खाते, हे त्या बाईचे दुखणे होते.

त्या अपयशाला कारणे पुष्कळ होती. हिरवा चारा नव्हता, पाणी नव्हते, गावात दूध घेणारी गाडी येत नव्हती. ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत व त्यावर लिहूनही पुष्कळ झाले. एक कारण मात्र चर्चेत आलेच नाही. ज्या जनावराचे शरीर, पोट आणि स्वभाव दुसऱ्याच मुलखात घडून पक्के झाले आहे, ते वयात आल्यावर आपल्या वैशाखात आणून बांधले की त्याच्याकडून आपण काय मागतो आहोत? दूध तर मागतोच, शिवाय नव्याने जन्म घे असेही मागतो.

आईच्या पोटातच सुरुवात

जनावर म्हटले की आपल्याकडे जात पाहतात. जर्सी की होल्स्टीन, गवळाऊ की गावठी. जातीला महत्त्व आहेच. पण एकाच आईबापाच्या दोन कालवडी दोन कोठ्यांत वाढल्या तर तीन वर्षांनी ती दोन वेगळी जनावरे दिसतात, हे कोणताही गायकी सांगेल. आता शास्त्रज्ञही हेच सांगतात. फरक इतकाच की त्यांच्या मते हे घडणे वासरू जमिनीवर पडण्याच्या आधीच सुरू झालेले असते.

गर्भाची निम्म्याहून अधिक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. मांसाचे तंतू किती असणार हे जन्माआधीच ठरते, नंतर ते फक्त जाड होतात. कालवडीच्या अंडाशयातील बीजांची पुंजीसुद्धा ती आईच्या पोटात असतानाच तयार होते, पुढे ती खर्चच होत जाते. म्हणजे गाभण गाय उपाशी राहिली तर त्याची किंमत तिची लेक आयुष्यभर मोजते.

आता आपल्याकडचे वेळापत्रक बघा. पावसाळ्यात चारा मिळाला की ऑगस्ट-सप्टेंबरात गाई माजावर येतात, गाभण राहतात आणि मे-जूनमध्ये वितात. म्हशीचा माज दिवाळीच्या आगेमागे जास्त, गाभणकाळ दहा महिन्यांहून थोडा अधिक, म्हणून ती पोळ्याच्या आसपास विते. दोघींचेही शेवटचे दिवस कोणते? गाईचे मार्च ते मे, म्हशीचे मे ते जुलै. वर्षातले सर्वांत कडक ऊन आणि सर्वांत वाईट चारा याच दिवसांत. आणि नेमकी याच काळात ती आटलेली असते. दूध नाही म्हणून तिची ढेप बंद, समोर सोयाबीनचे कुटार टाकले की काम झाले. भाकड जनावरावर खर्च कशाला, हा आपला हिशेब. खरे पाहता गोठ्यात सर्वांत महत्त्वाचे काम त्या वेळी तीच करीत असते.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्य उष्ण आणि दमट. तेथील विद्यापीठात आटवलेल्या गाभण गाईंचे दोन गट करून वर्षानुवर्षे अभ्यास झाला. एका गटाला फक्त सावली, दुसऱ्याला सावलीशिवाय पंखे आणि पाण्याचा फवारा. उन्हाची झळ सोसलेल्या गाईंची वासरे वजनाला हलकी जन्मली. चिकातील रोगप्रतिकारक द्रव्ये त्यांच्या आतड्याने कमी शोषली. मोठे होऊन ती स्वतः व्यायली तेव्हा त्यांचे दूधही कमी भरले, आणि त्यांच्या लेकींपर्यंत परिणाम दिसला. उन्हात उभी होती आजी आणि दूध कमी दिले नातीने! आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो. पत्र्याच्या कोठ्यात तो आणखी चढतो. पंखे-फवारे सर्वांना परवडणार नाहीत, पण पत्र्यावर तुराट्यांचा किंवा पऱ्हाटीचा थर, दुपारी निंबाची सावली, चार वेळा पाणी आणि त्या शेवटच्या दोन महिन्यांत रोज दीड-दोन किलो खुराक, हे बहुतेकांच्या आवाक्यातले आहे.

चीक आणि खरवस

वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी द्रव्ये जवळपास नसतात. माणसाच्या बाळाला ती आईच्या पोटातच मिळतात, गाई-म्हशी-शेळ्यांच्या पिलांना मिळत नाहीत. ती फक्त चिकातून येतात. आणि ती रक्तात उतरवून घेण्याचे आतड्याचे दार उघडे असते ते चोवीस तास. पहिल्या पाच-सहा तासांत ते सताड उघडे, मग हळूहळू मिटत जाते. दुसऱ्या दिवशी बादलीभर चीक पाजला तरी पोट भरेल, संरक्षण मिळणार नाही.

असे असताना अनेक गावांत आजही काय चालते? जार पडल्याशिवाय वासराला सडाला लावायचे नाही. कधी कधी जार पडायला सहा-आठ तास लागतात, तोवर वासरू जिभेने दोरी चाटत बसते. ही रीत कोणी आणि का पाडली कोण जाणे. खरे तर उलटे आहे. वासराने सड ओढला की गाईच्या शरीरात जो पान्हा सुटतो त्यानेच गर्भाशय आवळते आणि जार सुटायला मदत होते. दुसरी गोष्ट खरवसाची. खरवस कोणाला आवडत नाही? शेजारी वाटायचा, पाहुण्याला द्यायचा, देवाला दाखवायचा. जरूर करा, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा करा. पहिल्या दिवसाचा चीक वासराचा आहे. वजनाच्या दहावा हिस्सा हे माप धरा. वासरू २५ किलोचे असेल तर अडीच लिटर, त्यातला निम्मा पहिल्या एक-दोन तासांत आणि उरलेला बारा तासांच्या आत. बेंबीची नाळ स्वच्छ पात्याने कापून टिंक्चर आयोडीन लावणे हेही त्याच तासातले काम.

पारडांच्या बाबतीत आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे गोल जंत. हे जंत आईच्या दुधातूनच पारडाच्या पोटात जातात, त्यामुळे पारडू कितीही स्वच्छ जागी बांधले तरी सुटका नाही. मातकट, दुर्गंधीची हगवण लागते आणि तीन-चार आठवड्यांचे पारडू बघता बघता जाते. आपण म्हणतो दृष्ट लागली. दहाव्या-बाराव्या दिवशी पायपेराझिनचा डोस आणि पुढे सहा महिने पशुधन अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने दर महिन्याला जंतनाशक, इतकाच त्याचा उतारा. हेल्याला मात्र तेवढेही मिळत नाही. त्याचे दूध आपणच पिळून घेतो अन् मग म्हैस पान्हा चोरते म्हणून ओरडतो.

पोट घडवावे लागते

गाईला चार पोटे, असे आपण शाळेत शिकलो. परंतु जन्मलेल्या वासराला काम करणारे पोट एकच असते, शेवटचे. कोठीपोट, ज्यात मोठे जनावर कडबा मुरवते, ते तेव्हा एखाद्या रिकाम्या पिशवीसारखे चिमटलेले असते. ते आपोआप तयार होत नाही. वासराने थोडा थोडा भरडा खाल्ला की आत जंतू वाढतात, त्यांच्यापासून आम्ले तयार होतात आणि त्या आम्लांनी पोटाच्या आतल्या बाजूला टॉवेलाच्या धाग्यांसारखे कोंब फुटतात. अन्नाचा रस शोषून घेणारे हेच कोंब. चाऱ्याने पोटाचा आकार वाढतो, भरड्याने ते आतून पिकते. नुसते दूध पाजले तर कोंब फुटत नाहीत. नुसते कुटार टाकले तर पोट लोंबते, अंग वाळते आणि केस राठ होतात. आपल्या गावात दहापैकी पाच वासरे अशी ढेरपोटी दिसतात.

म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून समोर मूठभर भरडा आणि स्वच्छ पाणी ठेवावे. मका किंवा ज्वारीचा भरडा ५० भाग, पेंड ३०, तूर-हरभऱ्याची चुनी किंवा गव्हाचा कोंडा १७, क्षारमिश्रण २ आणि मीठ १ भाग, हे मिश्रण घरी जमते. येथे आपल्या जिल्ह्यातल्या लोकांसाठी दोन इशारे. सोयाबीन आपल्याकडे घरोघरी आहे म्हणून कच्चे सोयाबीन भरडून वासराला घालू नये. त्यातील काही घटक लहान वासराच्या पोटाला चालत नाहीत, तेल काढलेली शिजलेली सोया पेंड चालते. दुसरी गोष्ट सरकी ढेपेची. सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. मोठ्या जनावराचे कोठीपोट ते निकामी करते, पण ज्याचे कोठीपोटच अजून तयार झालेले नाही त्याला ते बाधते. तेव्हा पहिले चार-सहा महिने वासराला सरकी ढेप नको, शेंगदाणा पेंड बरी. आईच्या घमेल्यात तोंड घालते म्हणून कौतुक करू नये.

या खाऊ घालण्याचा पुढे उपयोग किती? अमेरिकेतच कॉर्नेल विद्यापीठाने आपल्या गोठ्यातील कालवडींच्या नोंदी तपासल्या. दूध तोडण्याआधी जी कालवड रोज १०० ग्रॅमने जास्त वाढली, तिने पहिल्या वितात सुमारे ८५ किलो दूध जास्त दिले. तिकडच्या गाई वेगळ्या, आकडा आपल्याकडे तसाच लागू होईल असे नाही. दिशा मात्र तीच राहील. आणि ही गोष्ट आपल्या लोकांना नवीन नाही. माणदेशातले खिल्लार पाळणारे लोक खोंडाला आईचे सारे दूध सोडतात, कारण त्यांना ठाऊक आहे की बैलाची चाल दुधावर घडते. आपण दूध विकतो आणि पोळ्याला झूल विकत आणतो.

हिशेब करू. तीन महिने रोज सरासरी अडीच लिटर दूध म्हणजे सव्वादोनशे लिटर. डेअरीचा भाव ३० रुपये धरला तर ६,७५० रुपये. भरडा, औषधपाणी, चारा धरून पहिल्या सहा महिन्यांचा खर्च दहा-बारा हजारांच्या घरात जातो. भाव आपल्या गावचा घालून पाहावा. रक्कम लहान नाही, कबूल. पण तयार दुभती गाय ७०-८० हजारांखाली येत नाही, अन् तिचे बालपण कसे गेले हे आपल्याला कोणीही लिहून देत नाही.

सोसण्याची ताकद

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बाहेरून आणलेले मोठे जनावर इथे का रुळत नाही?

सर्वांत मोठे कारण गोचीड. गोचिडांपासून होणारे काही ताप असे आहेत की ते लहान वासराला झाले तर सौम्य होतात, वासरू चार दिवस मलूल राहते आणि त्याच्या अंगात त्या रोगाविरुद्ध ताकद तयार होते. बॅबेसिओसिस, म्हणजे लाल लघवीचा ताप, आणि ॲनाप्लाझ्मोसिस हे त्यातले. तोच ताप तीन-चार वर्षांच्या गाईला आयुष्यात पहिल्यांदा झाला तर जिवावर बेतते. ज्या गोठ्यात गोचीड नाही, सिमेंटची फरशी आहे, महिन्याला फवारणी आहे, तेथून आलेली गाय आपल्या कोठ्यात उभी राहिली की पंधरा-वीस दिवसांत ताप भरतो तो यामुळे. गाय कमजोर निघाली, व्यापाऱ्याने फसवले, असे आपण म्हणतो. फसवले असेलही, परंतु गाय धडधाकट असली तरी हे होऊ शकते. याचा अर्थ वासरांवर गोचीड सोडून द्या असा कोणी काढू नये. थायलेरिओसिस हा तिसरा ताप संकरित वासरांनाही मारतो, आणि गोचिडांनी रक्त पिऊन वासरू खंगते ते वेगळेच. सांगायचे इतकेच, की इथे जन्मलेल्या जनावराची इथल्या रोगांशी ओळख लहानपणी झालेली असते. लंपी मात्र २०२२ साली सर्वांनाच नवीन होता, आणि त्यात लहान वासरांचेही हाल झाले. तेव्हा ओळख नसलेला रोग काय करतो ते आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले.

दुसरे कारण खाण्याची सवय. जनावर काय खायचे हे आईकडून शिकते. ऑस्ट्रेलियात एक साधा प्रयोग झाला. मेंढीच्या कोकरांना आईसोबत असताना पाच दिवस, रोज तासभर गहू दाखवला. मग जवळपास तीन वर्षे गव्हाचा दाणा नाही. तीन वर्षांनी गहू टाकला तेव्हा ही मेंढरे लगेच तुटून पडली, ज्यांनी लहानपणी पाहिला नव्हता ती हुंगून बाजूला झाली. अमेरिकेतील युटा राज्य विद्यापीठाचे फ्रेड प्रोव्हेन्झा यांनी तर या विषयावरच अनेक वर्षे काम केले. लहानपणी आईच्या मागे चरताना कोणते झाडपान कळले, त्यावर पुढे त्या जनावराचा चारा ठरतो, असे त्यांचे निष्कर्ष आहेत.

मालेगाव, मानोऱ्याच्या माळावर, ई-क्लास जमिनीवर चरणारी शेळी बघा. बोर, बाभूळ, हिवर, कशाचा शेंडा कधी ओरबाडायचा ते तिला बरोबर कळते. आता १० शेळ्या १ बोकड असा गट दूरच्या बाजारातून आणला, ज्यातल्या शेळ्या दावणीला मका आणि लसूणघास खाऊन वाढल्या, आणि तिसऱ्या दिवशी माळावर सोडला. त्या उभ्याच राहतात. नाही तर नको ते खातात. घाणेरी, जिला आपल्याकडे रायमुनिया म्हणतात, तिची विषबाधा होते ती बहुतेक करून भागात नव्याने आलेल्या जनावरांना. गावची जनावरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, चाराच उरला नाही तर गोष्ट वेगळी. वऱ्हाडची बेरारी शेळी याच मातीतली असताना गट दुरून का भरायचा, हा प्रश्न लाभार्थ्यांनी विचारायला हवा.

तिसरी गोष्ट स्वभावाची, आणि हिच्याकडे आपले सर्वांत जास्त दुर्लक्ष. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात वासरे एकेकटी आणि जोडीने अशी ठेवून पाहिली. एकटी वाढलेली वासरे नवीन गोष्ट शिकायला मंद निघाली, रीत बदलली की गोंधळली. जोडीने वाढलेली नवीन खाद्य लवकर चाखत होती. आपल्याकडे वासरू हातभर दोरीने अंधाऱ्या कोपऱ्यात बांधतात, ते सहा महिन्यांनी उजेड पाहते. मग तेच गोऱ्हे मोठे झाले की वखराला बुजते, मोटारसायकलला बिचकते, लाथ मारते. ज्या गोऱ्ह्याच्या अंगावरून लहानपणी रोज हात फिरला, जे पोरांसोबत अन् दुसऱ्या वासरांसोबत मोकळे हिंडले, ते तिफणीला फारसा त्रास न देता लागते. जुने लोक हे न शिकता करीत. ट्रॅक्टर आल्यावर बैलजोड्या कमी झाल्या आणि ही समजही मागे पडली.

कोंबडीचेही असेच आहे. परसातील कोंबडीपालनासाठी २५ तलंगा आणि ३ नर मिळतात. आठ-दहा आठवडे शेडमध्ये दिव्याखाली आणि तयार खाद्यावर वाढलेली ही पाखरे अंगणात सोडली की पहिल्या आठवड्यात मांजर, मुंगूस आणि घार त्यांची मोजदाद करतात. गावठी कोंबडीचे पिलू घार दिसताच आईच्या हाकेने पंखाखाली शिरते, या पाखरांना ती हाक कोणी मारलीच नाही. म्हणून सुरुवातीला पंधरा-वीस दिवस जाळीत ठेवावी, संध्याकाळी खुराड्यात दाणे टाकून आत येण्याची सवय लावावी, मग थोडा थोडा वेळ सोडावी.

मग काय करायचे

योजना नको, असे म्हणणे नाही. अनुदान सोडून द्या असा सल्ला कोणी शहाणा देणार नाही. परंतु खरेदी आपल्या हातात असेल तेथे डोळे उघडे ठेवता येतात. दूध किती, यासोबत हे जनावर कोठे जन्मले ते विचारा. वऱ्हाडात किंवा लगतच्या जिल्ह्यांत वाढलेली, गोचिडाची आणि कुटाराची ओळख असलेली सात-आठ लिटरची गाय, दुरून आणलेल्या पंधरा लिटरच्या गाईपेक्षा बरी. दुभत्या गाईपेक्षा पाच-सहा महिन्यांची गाभण कालवड आणणे चांगले. तिला विण्याआधी रुळायला वेळ मिळतो, आणि तिच्या चिकात इथल्या रोगांविरुद्धची ताकद थोडीफार तरी उतरते. खरेदी नोव्हेंबर ते जानेवारीत करावी. मार्चनंतर ट्रकमधून जनावर आणणे म्हणजे त्याला एकदमच ऊन, प्रवास आणि परका चारा असे तिन्ही मार देणे. कार्यालयात मार्चअखेरची घाई असते, ती घाई गाईला कळत नाही. जुना चारा सोबत आठवडाभराचा आणावा आणि नवीन हळूहळू मिसळत जावे.

यापेक्षा मोठे काम आपल्या गोठ्यातल्या गाईपासून सुरू होते. कृत्रिम रेतन गावात पोहोचले आहे, कालवडीच होण्याचा संभव वाढवणाऱ्या रेतमात्राही आता मिळतात. जातिवंत वासरू आपल्याच कोठ्यात जन्मू शकते. अडते ते पुढच्या सहा महिन्यांत. रेतनाचा आकडा तालुक्याला जातो, लसीकरणाचा जातो, वाटपाचा जातो. जन्मलेल्या वासरांपैकी वर्षभरात किती जगली आणि सहाव्या महिन्यात त्यांचे वजन किती भरले, हा आकडा कोणी मागत नाही, म्हणून कोणी ठेवत नाही. गाय वाटली की त्या दिवशी काम दिसते. कालवड वाढवली तर काम दिसायला तीन वर्षे लागतात, आणि तोवर साहेबांची बदली झालेली असते. ही अडचण खरी आहे, पण ती कालवडीची चूक नव्हे.

सरपंच, सदस्य आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातील मंडळी यांनी मनावर घेतले तर सुरुवातीला फार पैसा लागत नाही. जनावराच्या कानातला १२ अंकी बिल्ला आता सर्वांच्या ओळखीचा झाला आहे आणि त्याची नोंद भारत पशुधन प्रणालीवर असते. गावात जन्मणाऱ्या प्रत्येक कालवडीची आणि वगारीची जन्मतारीख, चीक किती तासांत पाजला, पहिले जंतनाशक कधी दिले आणि चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान सांसर्गिक गर्भपाताची लस दिली की नाही, एवढे ग्रामपंचायतीच्या एका साध्या वहीत लिहिता येईल. वजनकाटा नसला तरी छातीचा घेर टेपने मोजून वजनाचा अंदाज काढता येतो. संकरित कालवड अडीचशे किलोची झाली की भरवायची. नीट वाढवली तर ते वजन दीड-पावणेदोन वर्षांत येते, नाही तर तीन वर्षे नुसती चारत बसावी लागते.

ज्यांना तांत्रिक माहिती हवी त्यांच्यासाठी रिसोड तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. दोन्ही ठिकाणी शेतकऱ्याला विचारायला मज्जाव नाही. येत्या ग्रामसभेत लाभार्थ्यांची यादी वाचून झाली की त्याच विषयाखाली एक प्रश्न जरूर विचारावा. मागच्या वेळी ज्यांना गाई मिळाल्या, त्यातल्या आज गावात किती आहेत, आणि त्यांच्या पोटच्या कालवडी किती उभ्या आहेत?